गुडघ्याला आकडा कोणता लावावा?



उसाची बिले बँकेत जमा झाली की गावात विक्रेत्यांची वर्दळ सुरू होते, हे आपणांस नवे नाही. ठिबकवाले येतात, औषधवाले येतात, विमेवाले येतात. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. धर्मापुरीत केदारेश्वराच्या देवळाकडे जाताना एका ओट्यावर हा गृहस्थ सतरंजी अंथरून बसलेला आम्ही पाहिला. पुढे एक गादी, गादीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी, शेजारी बटणांची एक पेटी आणि भिंतीला टांगलेला मोठा तक्ता. तक्त्यावर चाळीसेक दुखणी आणि प्रत्येकासमोर एक आकडा. गुडघ्याला अमुक, कंबरेला तमुक, साखरेला हा, झोपेला तो. भोवती म्हातारी माणसे दाटीवाटीने बसलेली. गादीवर पाच-दहा मिनिटे फुकट बसायला मिळत होते.

त्यानंतरच्या गट बैठकीत आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी, म्हणजे गावात ज्यांना सगळे आबा म्हणतात त्यांनी, आम्हांला बाजूला घेतले आणि विचारले, "बाकी पुराण नको. मशीन घेतलंय. गुडघे लै दुखतेत. आकडा कोणता लावावा तेवढं सांगा." त्याच बैठकीत दुसरी एक सूचना आली की कारखान्यानेच ही यंत्रे घाऊक घेऊन सभासदांना द्यावीत आणि रक्कम ऊस बिलातून कापून घ्यावी. आबांचा प्रश्न आणि ही सूचना, दोन्हींचे उत्तर देणे आम्हांला आमचे कर्तव्य वाटते. त्याकरिता आम्ही जाणकारांना विचारले, वाचन केले, आणि जे समजले ते साध्या भाषेत येथे मांडत आहोत.

प्रथम यंत्राविषयी. हे निव्वळ थोतांड आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. तारेच्या वेटोळ्यातून विजेचा झटका सोडला की भोवती चुंबकाचा जोर निर्माण होतो. तो जोर वाढताना आणि उतरताना जवळच्या वस्तूत बारीकशी वीज खेळते. हा फॅरेडेचा १८३१ सालचा शोध असून आपल्या शेतातली डीपी त्याच तत्त्वावर चालते. १९५७ साली जपानमधील फुकादा आणि यासुदा या संशोधकांनी दाखवले की हाडावर दाब पडला की हाडातही बारीक वीज निर्माण होते. त्यावरून अनेकांना वाटले की बाहेरून अशी वीज खेळवली तर मोडलेले हाड जुळायला मदत होईल काय? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अस्थिशल्यतज्ज्ञ बॅसेट यांनी चुंबकाच्या ठोक्यांनी हे करून पाहिले आणि १९७४ साली आपले काम प्रसिद्ध केले. पुढे १९७९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा यंत्रास मान्यता दिली.

विक्रेता "अमेरिकेची मान्यता" म्हणून जे सांगतो त्याचे मूळ हे आहे. मात्र ती मान्यता कशाला होती, हे तो सांगत नाही. ती होती महिनोन् महिने न जुळणाऱ्या मोडक्या हाडाला, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली, रोज अनेक तास यंत्र बांधून. ती झिजलेल्या गुडघ्याला नव्हती आणि साखरेच्या आजाराला तर मुळीच नव्हती. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

आता आकड्याकडे वळू. पेटीवरचा आकडा म्हणजे हर्ट्झ, म्हणजे एका सेकंदात चुंबकाचे ठोके किती पडतात ती मोजणी. दहा म्हणजे सेकंदाला दहा ठोके. ती मोजणी म्हणजे औषधाची मात्रा नव्हे. मुद्दा बारीक आहे, पण आपण शेतकरी आहोत, आपल्याला तो चटकन समजेल.

समजा शेजाऱ्याने सांगितले की, "मी उसाला चार तास मोटार चालवली." एवढ्यावरून उसाला पाणी किती मिळाले हे कोणी सांगू शकेल काय? मोटार किती अश्वशक्तीची, विहिरीत पाणी किती खोल, पाइप किती इंची, रान किती लांब, जमीन काळी की मुरमाड, हे सगळे विचारावे लागते. तसेच या यंत्राचे आहे. ठोके किती हा एक भाग झाला. प्रत्येक ठोक्याचा जोर किती (तो गाउस किंवा टेस्ला या मापात मोजतात), ठोका किती झटक्यात चढतो व उतरतो, दुखरा भाग वेटोळ्यापासून किती अंतरावर आहे, आणि रोज किती वेळ असे किती आठवडे, हे बाकीचे भाग. शरीरात वीज किती खेळते हे मुख्यतः ठोक्याचा जोर आणि त्याचा झटका यांवर ठरते. वेटोळ्यापासून थोडे दूर गेले की जोर झपाट्याने कमी होतो. जाड गोधडीवर बसले की पेटीवरचा आकडा तोच राहतो, पण गुडघ्यापर्यंत पोहोचणारा जोर तो राहत नाही.

हाडाच्या उपचारातच पाहा. एका प्रकारच्या यंत्रात सेकंदाला १५ वेळा ठोक्यांचा झुबका येतो आणि प्रत्येक झुबक्यात अनेक बारीक ठोके असतात. दुसऱ्या प्रकारात सेकंदाला ७५ सुटे ठोके येतात. दोन्ही हाडासाठीच वापरली गेली. मग हाडाचा आकडा १५ म्हणायचा की ७५? याचा अर्थ आकडा एकटा काही सांगत नाही. आणि आकड्यातच गुण असता, तर आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे. मोटारीच्या स्टार्टरजवळ बसणाऱ्या प्रत्येकाचे काही ना काही दुखणे आतापर्यंत बरे झाले असते!

तक्त्यावर एक आकडा मोठ्या अक्षरांत असतो, ७.८३. विक्रेता त्याला "धरणीमातेचे स्पंदन" म्हणतो आणि ऐकणाऱ्याचा हात नकळत कपाळाकडे जातो. आकडा खरा आहे. जर्मन शास्त्रज्ञ शूमन यांनी १९५२ साली अशा लहरींचे भाकीत गणिताने केले. जगभर सतत विजा कडाडत असतात. त्यांच्या लहरी जमीन आणि आकाशातला विद्युतभारित थर यांच्यामध्ये घुमतात, त्या घुमण्याचा हा आकडा आहे. पण त्या लहरी इतक्या क्षीण असतात की पृथ्वीच्या नेहमीच्या चुंबकत्वाच्या कोट्यवधी पटींनी कमी. त्या आपल्या अंगणात रात्रंदिवस फुकट आहेत. त्यासाठी गादी घ्यायचे कारण नाही.

आपल्या देशातील कामाचाही उल्लेख केला पाहिजे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी नेमका आबांचाच प्रश्न घेतला होता: संधिवाताला आकडा कोणता? वेगवेगळे ठोके, वेगवेगळा जोर आणि वेगवेगळा वेळ लावून पाहून २००५ साली त्यांनी निष्कर्ष छापला की ५ हर्ट्झ, ४ मायक्रोटेस्ला आणि ९० मिनिटे या मेळाने सूज कमी झाली. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. त्यांनी नुसता आकडा दिला नाही. ठोके, जोर आणि वेळ असे तिन्ही दिले. आणि दुसरे असे की हे प्रयोग उंदरांवर झाले. उंदराच्या पायाची सूज आणि साठ वर्षे उसाच्या सरीत वाकलेल्या माणसाचा गुडघा, यांत फार अंतर आहे.

मग माणसांचे काय? येथे आम्ही आपणांस चेक प्लॉटची आठवण करून देतो. नवीन खत आले की आपण काय करतो? एका तुकड्याला घालतो, शेजारचा तुकडा तसाच ठेवतो, तोडणीला दोन्हींचे वजन करतो. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून फुले २६५ सारखा वाण आपल्यापर्यंत आला तो अशाच चाचण्यांतून. नुसते "आमच्या पाहुण्याचा ऊस बरा आला" एवढ्यावर कोणी शहाणा शेतकरी सगळे रान नव्या बेण्याखाली घालत नाही.

औषधोपचारात चेक प्लॉट म्हणजे खोटे यंत्र. दिसायला हुबेहूब, दिवा लागतो, पण आत चुंबक चालत नाही. कोणाला खरे व कोणाला खोटे हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही. इंग्लंडमध्ये बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नडगीचे हाड न जुळलेल्या १६ रुग्णांवर असे केले व १९८४ साली निकाल छापला. खऱ्या यंत्राच्या ९ पैकी ५ जणांचे हाड जुळले, खोट्या यंत्राच्या ७ पैकी ५ जणांचे. म्हणजे प्लास्टर आणि पायाला दिलेली विश्रांती यांचाच गुण मोठा होता. बार्कर हे काही चुंबकाचे वैरी नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी चुंबकाने मेंदूला चेतवण्याचे तंत्र जगापुढे आणले. त्याच चमूतील शॅरार्ड यांनी १९९० साली हाड जुळायला उशीर लागलेल्या ४५ रुग्णांचा निकाल छापला, त्यात मात्र खरे यंत्र सरस ठरले. प्रामाणिक तपासणी ही अशी असते. कधी बाजूने, कधी विरुद्ध.

सांध्यांच्या झिजेबाबत २०१३ साली कॉक्रेन या नामांकित संस्थेने तोवर झालेल्या चांगल्या चाचण्या एकत्र तपासल्या. ९ चाचण्या, ६३६ रुग्ण. वेदनेला शंभर गुण धरले तर खोट्या यंत्रापेक्षा खऱ्या यंत्राने सुमारे १५ गुण जास्त आराम दिसला. पण चालणे, उठणे-बसणे, जिना चढणे यांत नक्की फरक पडतो असे म्हणता आले नाही. थोडक्यात, काहींची वेदना थोडी कमी होऊ शकते. गेलेली कूर्चा परत येते, शस्त्रक्रिया टळते, साखर उतरते, यांतले काहीही सिद्ध झालेले नाही.

आता आमच्याच घराजवळची एक हकीकत सांगतो. नावे सांगणार नाही. एका सभासद बंधूंच्या मातोश्रींचे पाय रात्री दुखत, जळजळत. मधुमेह जुना. यंत्र आले. दोन महिने रोज रात्री गादी. आज दहाचा आकडा, उद्या वीसचा. गुण येत नाही म्हणजे आकडा चुकला असे समजून घरातली सगळी माणसे आकडाच शोधत राहिली. दुखणे गुडघ्याचे नव्हतेच. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या आणि तळव्याला जखम होती, ती बधिरपणामुळे त्यांना कळली नाही. दवाखान्यात नेले तेव्हा दोन बोटे काढावी लागली. यंत्राने बोटे गेली असे आम्ही म्हणत नाही. बोटे गेली ती वाया गेलेल्या दोन महिन्यांनी.

दुसऱ्या एका भगिनीला यंत्राने बरे वाटले. तेही आम्ही नाकारत नाही. पण त्याच महिन्यात त्यांच्या शेतातली खुरपणी संपली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही सुरू झाला होता. फवारणी केली आणि त्याच आठवड्यात पाऊसही पडला, तर ऊस कशाने हिरवा झाला?

म्हणून आबांना आमचे उत्तर असे की, आबा, आकड्याच्या आधी निदान. गुडघा झिजलाय, की कंबरेतली नस दबलीय, की रक्त कमी पोचतंय, की युरिक ॲसिड वाढलंय, हे आधी कळलं पाहिजे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय आहे. तेथे अस्थिरोग विभागात गुडघा दाखवा. मशीनची पेटी आणि त्याचे कागदही सोबत न्या.

ज्यांनी यंत्र घेतलेच आहे, त्यांनी निदान पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी, इन्सुलिनचा पंप किंवा कानात बसवलेले श्रवणयंत्र असलेल्यांनी या गादीजवळ जाऊ नये. गरोदर स्त्रिया, फेफरे येणारे आणि कर्करोगाचे रुग्ण यांनी डॉक्टरच्या सांगण्याशिवाय वापरू नये. अंगात सळई किंवा पट्टी असल्यास शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरला विचारावे.

२. यंत्राच्या पुस्तिकेत आपल्या दुखण्यासाठी ठोके, जोर, अंतर आणि मिनिटे अशी चारही मापे दिली असतील तर तीच लावावीत. नुसता चाळीस रोगांचा तक्ता असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

३. सुरुवात कमी जोराने व थोड्या वेळाने करावी. रोज आकडा बदलू नये. डॉक्टरच्या संमतीने एकच मांडणी चार आठवडे ठेवावी. रोज पाणी बदलून बघणाऱ्याला कोणत्या पाण्याने ऊस आला हे कधीच कळत नाही.

४. वही घालावी. सुरू करण्याआधी आठवडाभर आणि नंतर रोज लिहावे: वेदना दहापैकी किती, न थांबता किती चाललो, वेदनेच्या गोळ्या किती घेतल्या.

५. घरातच चेक प्लॉट करता येतो. पेटीचा दिवा झाकावा. नातवाने एक आठवडा यंत्र खरोखर चालू करावे, एक आठवडा नुसते बटण दाबल्यासारखे करावे, आणि आजोबांना सांगू नये. महिन्याअखेर वही उघडावी. दोन्ही आठवड्यांत आराम सारखाच असेल तर तो आराम चुंबकाचा नाही.

६. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या बंद करू नयेत. पायाला जखम, एका पायाची अचानक सूज, ताप येऊन सांधा लाल होणे, छातीत दुखणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही झाले तर गादी गुंडाळून ठेवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता पैशाचे. आमच्या माहितीतल्या यंत्राची किंमत साठ हजार सांगितली गेली. तोडणी-वाहतूक जाऊन टनामागे हाती अडीच ते पावणेतीन हजार पडतात असे धरले, तर ही बावीस ते चोवीस टन उसाची किंमत झाली. एवढा ऊस बारा-चौदा महिने पाणी देऊन, रात्रीच्या विजेला उठून वाढवलेला असतो. आणि गुडघ्याच्या झिजेवर ज्या उपायांचा गुण पक्का ठरला आहे ते जवळजवळ फुकट आहेत. मांडीचे स्नायू बळकट करणे हा पहिला. खुर्चीवर बसून पाय सरळ ताठ करावा, पाच मोजेपर्यंत धरावा, खाली घ्यावा. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. वजन जास्त असल्यास ते उतरवणे हा दुसरा. आणि काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे आमच्याकडचे नव्हे, कोणताही फिजिओथेरपिस्ट हेच सांगेल.

कायदाही आपल्या बाजूला आहे. संधिवात, मधुमेह, पक्षाघात, रक्तदाब अशा आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मनाई आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली आहेत. तेव्हा विक्रेत्याला उपकरणाचा परवाना क्रमांक विचारा. पक्की पावती घ्या. "आणखी चार गिऱ्हाइके आणा, तुमची गादी फुकट" असे कोणी म्हणाला तर सावध व्हा. साखळीने माणसे जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी घातली आहे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर किंवा बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

शेवटी घाऊक खरेदीच्या सूचनेविषयी. आमचे स्पष्ट मत आहे की कारखान्याने हे काम अंगावर घेऊ नये. कारखाना एखादी वस्तू बिलातून कापून देतो तेव्हा सभासद ती कारखान्याच्या भरवशावर घेतो. खत, बेणे, ठिबक यांची पारख आपल्या शेतकी खात्याला आहे. गुडघ्याची नाही. ज्या वस्तूची पारख नाही तिच्यावर कारखान्याचा शिक्का उमटू नये, आणि उसाचे बिल हे गादीचे हप्ते फेडण्याचे साधन होऊ नये.

त्याऐवजी आमची संचालक मंडळास विनंती आहे की, हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक गट कार्यालयात एक दिवस अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट बोलवावेत. साखर व रक्तदाब तपासावा, मधुमेह्यांचे तळपाय पाहावेत, व्यायाम करून दाखवावेत. त्या मांडवात कोणत्याही विक्रेत्याला जागा देऊ नये. आणि हे शिबीर हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरही व्हावे, कारण मोळी उचलणाऱ्यांचे गुडघे आणि कंबर आपल्यापेक्षा आधी जातात. ते साठ हजारांची गादी घेऊ शकत नाहीत, पण दुखणे अंगावर काढतात.

आबांनी आमचे ऐकले. मशीन कोपऱ्यात आहे, गुडघ्याचा फोटो काढून झाला आहे, आणि ओसरीवर खुर्चीत बसून पाय ताठ करण्याचा व्यायाम सुरू आहे. परवा म्हणाले, "आकडा सापडला की. दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा."

जय सहकार!